टाळू, गोळ्या आणि तुझी वेणी

ती. ताईस,

चिमीचा वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात हल्ली मी कोणापुढे वाकत नाही, वरून टाळू दिसते. पत्रात ती भीती नाही.) गेल्या खेपेला माझा माळा आवरायला म्हणून तू हट्टाने वर चढलीस, तेव्हापासून दुखावलेले गुडघे आता कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहेत, माझे केस सोडून.

तुला माहीतच आहे, आधी पाळीने रजा घेतली आणि तिच्या पाठोपाठ केसांनीही. उशीवर केस, मोरीत केस, एकदा तर ह्यांच्या चहात. (ह्यांनी तो काढून बशीच्या कडेला ठेवला आणि काही बोलले नाहीत. त्या न बोलण्याचाच मला जास्त राग आला.) त्यात शाळेच्या मैत्रिणींचा मेळावा ठरला. आमचा तो फोटो आठवतो ना, पाच मुली पाठमोऱ्या, पाच वेण्या, त्यात माझी सगळ्यांत लांब? त्याच पाच जणींनी तस्साच फोटो पुन्हा काढायचा, असं आमच्यातल्या बयोने फर्मान काढलंय. माझी वेणी आता बुटाच्या नाडीएवढी राहिलीय. खरं सांगते ताई, बावन्न वर्षांची बाई मी, वेणीपायी आरशासमोर रडले.

नेमकं तेव्हाच तुझं पार्सल आलं. केसांच्या गोळ्यांचे चार डबे आणि तुझा पाठमोरा फोटो, ही जाडजूड वेणी, आणि मागे तुझ्या अक्षरात 'तीनच महिने घे, मग बघ!' मी घेतल्या की. डब्यावर दिवसाला दोन लिहिल्या होत्या, मी घाईत होते म्हणून तीन घेतल्या. नखं अशी वाढली की प्रयोगशाळेतले हातमोजे फाटू लागले. केस आपले मोरीतच.

मग म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्यांचं रक्त काढतेय, एकदा आपलंही तपासावं. थायरॉइडचा आकडा असा काही आला की आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी मशीन बिघडलं म्हणून तपासणी पुन्हा करायला लावली. पुन्हा तेच! बाईंनी मला खुर्चीत बसवून पाणी पाजलं. घरी हे एकदम प्रेमाने बोलायला लागले, तेव्हा तर माझं धाबंच दणाणलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, चालू औषधं कोणती? मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, केसांच्या गोळ्याही नाहीत? अगं ताई, ते का औषध आहे! तर म्हणे त्या गोळ्यांतल्या बायोटिननेच तपासणी फसते. अठ्ठावीस वर्षं मी प्रत्येक पेशंटला हाच प्रश्न विचारतेय आणि 'काही नाही' म्हणणाऱ्याकडे चष्म्यावरून बघतेय. स्वतःच्या फॉर्मवर मात्र ऐटीत 'काही नाही' लिहून मोकळी झाले. तो फॉर्म बाईंनी नव्या मुलींसाठी भिंतीवर चिकटवलाय.

गोळ्या थांबवल्यावर थायरॉइड ठणठणीत निघाला. लोहही पुरेसं, जीवनसत्त्वंही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात काही कमी असेल तर गोळीचा उपयोग, नसेल तर नुसता लघवीला रंग छान येतो. टाळूला लावायचं औषध दिलंय, पण फरक दिसायला सहा महिने लागतील आणि सुरुवातीला म्हणे आणखीही गळतील. मेळावा पुढच्या शनिवारी आहे.

तुला दोष देत नाही हं. गोळ्या तुला लागू पडल्या, मला नाही, इतकंच. भावोजींना नमस्कार सांग.

तुझी,
चिमी

ता. क. : वेणीला जोड म्हणून आईचं गंगावन लावावं, असं मनात आलं. काल माळ्यावरची तिची ट्रंक उघडली. ते खोटे केस बांधून ठेवायची लाल फीत तेवढी आहे, गंगावन नाही. मग तुझा फोटो भिंगाखाली धरला. वेणीच्या मध्यावर गाठ आहे आणि त्याखालचे केस आईचे आहेत.

पुन्हा ता. क. : तूही आरशासमोर रडली असशील आणि मला कळवलं नाहीस, ह्याचा खरा राग आला. असो. शुक्रवारपर्यंत गंगावन पाठव, रविवारी परत करते. आणि बयोने वेणीचं गुपित विचारलंच, तर गोळ्यांचं नाव सांगेन. चौथा डबा फोडलेला नाही, तो तिलाच देते.