बरणी पार्टी पुन्हा जमते

पुंडलिकनगर, छ. संभाजीनगर
दि. ८ मार्च २०२५

ती. सांडूदादास,
संध्याचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोन तू अर्ध्या वाक्यात ठेवतोस. पत्र अर्ध्यात ठेवलंस तरी उरलेलं कागदावर असतंच, म्हणून हा उद्योग.

गेल्या जयंतीला आमच्या गल्लीत डीजे असा वाजला, की आवडाबाईंच्या स्वयंपाकघराचं प्लास्टर वरणात पडलं. यंदा बायकांनी बैठकीत डीजेच बंद करून टाकला. मग वाजवायचं काय, यावर पुरुष मंडळी तासभर गंभीर झाली. आवडाबाई पडल्या आपल्या पाचोडच्याच, शेवटी त्यांनाच आपली बरणी पार्टी आठवली: लोणच्याच्या रिकाम्या बरणीत फुंकून भुम्म भुम्म करणारा तू, तेलाच्या डब्यावर राजकुमारदादा, कंगव्यावर कागद धरून मी, आणि भीमगीतं गायला अख्खी वस्ती. ढोलकी घ्यायची ऐपत कुणाची होती! तर चौदा एप्रिलला आपण तिघांनी वाजवायचं, असा ठराव झालाय.

राजकुमारदादानं अठ्ठावीस वर्षांपूर्वी कीबोर्ड आणला आणि भर कार्यक्रमात माईकवरून सांगितलं की बरणीनं आता लोणचं सांभाळावं, हे मला पाठ आहे. तेव्हापासून तुमचा अबोला. पाचोडात दोघांच्या दारांमध्ये एक गल्ली, आणि निरोप मात्र माझ्यामार्फत, शंभरेक किलोमीटरचा फेरा करून! पुरे कर आता.

माझ्यावर लोभ आहेच. थोडा गल्लीपलीकडंही पाठवावा.
तुझी,
संध्या

पाचोड
दि. १६ मार्च २०२५

चि. संध्यास,
जय भीम व अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच हाय. तू मास्तरीण कशी झालीस कोण जाणे.

मला जमणार नाय. एक तर म्हैस व्यायला झालीय. त्यात बरणी तडकलीय. आन् त्या शहाण्याच्या शेजारी तर मी बसणारच नाय. त्याचा कीबोर्ड हाय ना, त्यालाच हार घाला.

माया कमी करू नको, आग्रह तेवढा कमी कर.
तुझा दादा,
सांडू

पुंडलिकनगर
दि. २४ मार्च २०२५

ती. दादास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

म्हैस आठवड्यापूर्वीच व्यालीय आणि बरणी धडधाकट आहे. चतुरावहिनींशी बोलले मी. दिवाळीत तुझे पुढचे चार दात गेले. रोज दुपारी तू गोठ्यात बसून बरणी फुंकतोस, नुसती हवा निघते, मग म्हशीवर ओरडतोस. चारचौघांत फजिती होईल ही तुझी भीती, आणि आळ मात्र राजकुमारदादावर!

रागावू नकोस, त्यालाही सांगून टाकलंय. तो हसला नाही, यावरून काय ते ओळख. उलट कबूल केलं, की कीबोर्ड दुसऱ्याच पावसाळ्यात उंदरांनी खाल्ला. तुला आनंद होईल म्हणून इतकी वर्षं लपवलं. रविवारी तो डबा घेऊन येतोय. दार लावलंस तर दार वाजवीन म्हणतो.

कृपा ठेवावी, आणि दार उघडं.
तुझी,
संध्या

पाचोड
दि. ६ एप्रिल २०२५

चि. संध्यास,
जय भीम व अ. उ. आ.

शहाणा आला. उंबऱ्याबाहेरूनच चुकलो म्हणाला, पण इतक्या हळू की मी दोनदा म्हणायला लावलं. मग मी बरणी फुंकली. फुस्स. त्यानं बत्तीस दातांनिशी फुंकली. त्याची बी फुस्स, वर थुंकी. लई बरं वाटलं. मग बरणीतच काहीतरी बिघाड हाय, यावर आमचं दोघांचं एकमत झालं.

तेवढ्यात लिंबाच्या लोणच्याला बरणी पायजे म्हणून चतुरा आली. आमचं ऐकून तिनं सहज तोंड लावलं, तर असा भुम्म निघाला की म्हैस उठून उभी राहिली. इतकी वर्षं ऐकून ऐकून शिकले म्हणती.

आता बरणी ती वाजवणार. मला झोंबलं, खोटं कशाला बोलू? दोन दिवस नीट जेवलो नाय. मग राजकुमारच म्हणाला, की दात गेले तरी गळा कुठं गेलाय? तर मी गाणार. चौदाला आम्ही तिघं येतोय, तुला धरून चौघं म्हणून आवडाबाईला सांग.

गाण्यात मी कुठं चुकतो ते सांगायला शहाणा रोज दुपारी येतो, अन् चहापर्यंत हलत नाय. मी त्याच्या कपात साखर घालू देत नाय. तरी येतो.

लोभ हाय तेवढा पुरे. वाढवशील तर चतुराचा वाढव, तिला आता भाव आलाय.
तुझा दादा,
सांडू