ओळीचा शेवट

ता. ४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आपली चूक कबूल केल्याने समोरच्याचं मन दुखणार असेल, तर ती कबुली त्याच्यासाठी असते की आपलं ओझं उतरवण्यासाठी? तरुणांच्या शिबिरातून परतून चार दिवस झाले, हाच प्रश्न घेऊन हिंडतेय. पदवीचा कागद भिंतीवर टांगलाय, तरी उत्तर येत नाही. म्हणून तुला लिहितेय.

आधी खुशाली. बाबांना शाळेच्या बाकांचं काम मिळालंय. घरभर भुसा. चहातसुद्धा लाकडाची चव लागते अशी आईची तक्रार, पण पितेही तीच.

आता मुख्य. बाबांनी चर्चमध्ये गीत सुरू करून द्यायचं थांबवलं, मंडळीने त्यांना विश्रांती दिली, असं मीच तुला कळवलं होतं. ती विश्रांती मी दिली, आत्या. गाणी फार रेंगाळतात, ते प्रत्येक ओळीचा शेवट ओढून धरतात, पाहुण्यांना हसू येतं, असा अर्ज आमच्या तरुण संघाने पाळकसाहेबांना दिला. खाली नाव नाही, नुसतं ‘आम्ही तरुण’. चिटणीस मी, त्यामुळे मजकूर आणि अक्षर दोन्ही माझं. पाळकसाहेबांनी तो कागद सरळ बाबांच्या हाती ठेवला. बाबा छापील वाचतात, हाताने लिहिलेलं त्यांना लागत नाही. मग ते कोणाकडे येणार? घरातल्या एकुलत्या एक शिकलेल्या माणसाकडे. मी वाचून दाखवला, तीन वाक्यं गाळून. ते बरं म्हणाले, आणि त्या रविवारपासून शेवटच्या बाकावर आईशेजारी बसतात, ओठ मिटून.

शिबिरात पहिल्या संध्याकाळी सगळी गाणी नवी होती, पुस्तकं कमी पडली आणि वेग असा की एक शब्द हाती लागेना. तीनशे जण गात होते आणि मी पदवीधर मुकाट उभी. दुसऱ्या दिवशी माझी भांडी घासायची पाळी होती. तिथली स्वयंपाकीण मावशी पातेलं घासता घासता तेच गीत म्हणत होती, संथपणे, प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबत. बघता बघता मला दोन कडवी आली. इतकं का रेंगाळता, असं मी विचारलं, तर म्हणाली की मागचं माणूस येईपर्यंत दार धरून ठेवावं लागतं. माझ्या हातातलं ताट निसटलं. आमच्या चर्चमध्ये मागच्या बाकांवर कोण बसतं? ज्यांना पुस्तक वाचता येत नाही त्या बायका. त्यांत माझी आई.

इतरांनी शिबिरातून खूप काही आणलं, मी एवढंच आणलं. देवाचे आभार मानले, मावशीचेही. पण आता बाबांना कसं सांगू? कोणी परक्याने लिहिलं असं त्यांना वाटतंय, तेच बरं नाही का?

तुझा लोभ या पत्रानंतर उरला असेल तर थोडा धाड.

तुझी भाची

ता. ९

चि. पदवीबाईस,
अ. उ. आ.

दोन बाळंतपणांच्या मधल्या वेळात लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझ्यासारखं वळण सुईणीच्या हाताला कुठून येणार?

वळणावरून आठवलं. दादाच्या खिळ्यांच्या डब्यांवर ‘दीड इंची’, ‘दोन इंची’ अशा चिठ्ठ्या कोणी चिकटवल्या? दहा वर्षं तो तुझं अक्षर बघून डब्यात हात घालतोय. अगं वेडे, ते तो ओळखणार नाही? तुझ्याकडून ऐकल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तो माझ्याकडे आला आणि कागद सबंध वाचायला लावला. आता चिडेल म्हणून मी वाट बघतेय, तर म्हणाला, आखलेला कागद नसून पोरगी किती सरळ ओळीत लिहिते! जाताना एवढंच बोलला, की तिने तीन वाक्यं गाळली, म्हणजे पोरगी अजून माझी आहे.

कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, ती आज मोडली. देव मला बघून घेईल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मलाही येत नाही. पण ज्या धक्क्याला तू भितेस तो त्याला कधीच बसून झालाय. आता तो एकटा सोसतोय, तेवढंच थांबवणं तुझ्या हातात आहे.

वहिनीला माझी आठवण सांग. लोभ काय, तो तुझ्या जन्माच्या दिवशीच देऊन टाकलाय, परत घेता येत नाही.

तुझी आत्या

ता. १७

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन तशीच बाबांच्या कामाच्या जागी गेले. ते फळीवर रंधा मारत होते. तो अर्ज पुन्हा वाचायचाय म्हटलं, तर काही न विचारता खिशातून काढून दिला, घडीवर फाटलेला. तिन्ही वाक्यांसकट वाचला. ‘आम्ही तरुण’ आलं तिथे मी माझं नाव वाचलं.

रंधा थांबला नाही. मग म्हणाले, की रेंगाळतो हे खरंच आहे, पाहुण्यांचं हसणं तेवढं तू वाढवून लिहिलंस. दुखलं का, असं मी विचारलं. हो म्हणाले. मला रडू फुटलं, तर फळीपासून लांब रड, लाकूड फुगेल, असा हुकूम झाला. जेवायला मात्र आम्ही बरोबर घरी आलो.

शनिवारी संघाच्या बैठकीत अर्ज मागे घेतला, या वेळी सही करून. पहिलं गीत बाबांच्या चालीने, बाकीची आमच्या वेगाने, असं ठरलं. कुरकुर झाली, पण ठरलं. बाबाच पुढे यायला तयार होईनात. मागे बरं वाटतं म्हणाले.

म्हणून काल उपासनेत मी तरुण संघाची पुढची खुर्ची सोडली आणि शेवटच्या बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पहिलं गीत मीच सुरू केलं. बेसूर. ओळीचा शेवट धरून ठेवला. माना वळल्या, तरी धरून ठेवला. श्वास संपत आला तेव्हा शेजारून बाबांचा आवाज आला, आणि त्यांच्या पलीकडून आईचा.

आता माझी जागा तीच. तुझ्या लोभाची पोच या पत्रातून मिळावी.

तुझी,
शेवटच्या बाकावरची पदवीबाई