दीड तासाचं एडिंबरा

प्रिय एविंद,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (ते रिकाम्या पोटी लागू पडत नाहीत, तेव्हा आधी काहीतरी खा, मग वाच.) माझी तब्येत झकास आहे. गुडघे कुरकुरतात, पण बेर्गनच्या या पावसात न कुरकुरणारं आहे तरी काय?

काल फोनवर तू मला धड बोलू दिलं नाहीस, म्हणून लिहिते. "ताई, सातशे किलोमीटर म्हणजे काय गं! दीड तास. बटाटे उकडायला ठेवशील तोवर एडिंबरा," असं मी निघायच्या आधी तूच म्हणाला होतास. सत्तरीत पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या बाईला असलं काही सांगू नये, ती खरं मानते. शेजारी बसला होता दाराएवढा एक स्कॉटिश गडी, समुद्रातल्या तेलविहिरीवर काम करणारा. विमान उडालं तशी मी त्याला बजावलं, "मी घाबरलेले नाही हं." तर म्हणतो कसा, "मावशी, मी घाबरलोय. जरा हात द्या." दिला. (चार मुलं वाढवलेला हात, त्याला काय होतंय!)

दीड तासात पोचलो, हे खरं. पण एडिंबरावर. एडिंबरात नव्हे. खाली धुकं असं दाट की वैमानिकाला धावपट्टी दिसेना. आम्ही घिरट्या घालतोय, घालतोय. तुझ्यासाठी नेलेलं बकरीच्या दुधाचं चीज मी हातानेच मोडून आजूबाजूला वाटलं, कारण घाबरलेल्या माणसांना रिकामं बसवू नये. शेवटी वैमानिकाने सांगितलं, परत बेर्गन. सगळे चिडले. मी मात्र काचेला नाक लावून खाली बघत राहिले. तुझी बायको, आपली मॉराग, वारली तेव्हा माझा पाय प्लास्टरमध्ये होता, येता आलं नाही. तेव्हापासून आपण इतके जवळ आलोच नव्हतो रे. तू खाली, मी वर, मध्ये नुसतं धुकं. मी हात हलवला. तो गडीही हलवायला लागला, कुणाला ते न विचारता.

घरी आले तर शेजारची त्वाइटबाई जिन्यातच भेटली. "काय गं आस्लौग, इतक्यात कंटाळलीस भावाला?" मी म्हटलं, "नाही, वरूनच बघून आले." मग तुझा फोन. "ताई, तुझ्या विमानाचा आवाज ऐकला मी," एवढं म्हणालास आणि नाक ओढलंस. मग म्हणालास, सर्दी झालीय. बरं. सर्दी तर सर्दी.

तुझी,
आस्लौगताई

ता. क. – शनिवारी पुन्हा निघते. पत्र माझ्याआधी पोचलं तर ठीक, नाहीतर मीच वाचून दाखवीन.

आणखी एक – मॉरागचा कोट खुंटीवर असेल तर तसाच राहू दे. माझा मी खुर्चीवर टाकीन.

आणि हे शेवटचं – परतीचं तिकीट काढलेलं नाही. तुला नको असेल तर काढीन. पण ते तुला समोर बसून सांगावं लागेल. असल्या गोष्टी मला फोनवर ऐकू येत नाहीत.