महाडातला ब्रंच आणि गणूचे दोन ग्लास

महाड, रविवार, दुपारचे चार
(म्हणजे ब्रंच उरकल्यावर, तो कसा उरकला ते पुढे येईलच)

प्रिय राजेंद्र,

अवधूतचा सप्रेम जयभीम, आणि तुझ्या दोन्ही नव्या गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार. ते कसे आहेत? डावा अजून जिना चढताना कुरकुरतो का? (माझे जुनेच आहेत आणि तेही कुरकुरतात, पण त्यांचं कोणी ऐकत नाही.) इकडे सर्व क्षेम. माझी तब्येत ठणठणीत. शुभदाचीही बरी आहे, फक्त आज सकाळपासून ती माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण तुझ्या सूनबाईंपाशी जाऊन पोचतं. पत्र का लिहितोय असं विचारशील. फोनवर तू नुसता हं हं करतोस, मागे टीव्ही चालू असतो आणि तुझा फोन स्पीकरवर असतो. पत्राला स्पीकर नसतो.

गेल्या सोमवारी सूनबाईंचा, म्हणजे स्नेहलचा, मेसेज आला. काका, पुढच्या शनिवार-रविवारी बाबांना घेऊन महाडला यायचा विचार आहे, तिकडे वीकेंड ब्रंचसाठी आणि संध्याकाळी कॉकटेलसाठी छानशी जागा सुचवा, नसेल तर आम्ही वाईवरून महाबळेश्वरलाच जाऊ. पोर गुणाची आहे, विचारलं तेही गोड शब्दांत. पण मी तो मेसेज तीनदा वाचला. कारण त्याचा अर्थ सरळ होता: ब्रंच मिळाला तर तू येणार, नाही मिळाला तर तू आंबेनळी घाटाच्या माथ्यावर उभा राहून खाली पोलादपूरकडे बघणार आणि तसाच पुण्याला परत जाणार. दोन महिन्यांसाठी म्हणून गेलास, त्याला दोन वर्षं झाली. चौतीस वर्षं मी भूगोल शिकवला, कुठे काय पिकतं ते झोपेतही सांगेन. पण ब्रंच कुठे पिकतो हे कोणत्याच नकाशात नव्हतं.

आधी शुभदाला विचारलं. न्याहारी आणि जेवण यांच्या मधलं, सुटीच्या दिवशी सावकाश बसून खायचं, असं मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे उठायला उशीर झाला असं सरळ म्हणा. मग शेजारच्या मुरारीकडे गेलो (पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्याला प्रत्येक गोष्टीचा पत्ता माहीत असतो असं त्याचं मत आहे). त्याने क्षणाचाही विचार न करता शिवथरघळ सांगितली. सकाळी निघायचं, दर्शन घ्यायचं, प्रसाद घ्यायचा, पोटही भरतं आणि पुण्यही लागतं. कॉकटेलचं विचारल्यावर मात्र त्याने खिडकी लावून घेतली.

म्हणून बुधवारी एसटी पकडून पोलादपूरला गेलो. हायवेवर एक नवं हॉटेल झालंय, नाव मुद्दामच लिहीत नाही. बाहेर दिव्यांच्या माळा, आत काळ्या काचा. म्हटलं, कॉकटेल असलं तर इथेच असणार. आत शिरलो तर समोर ट्रे घेऊन कोण उभा? कोंडाजी. आठवतो का? दहावी ब, तू त्याला गणितात काठावर पास केलंस आणि मी भूगोलात तेवढाही दयाळू झालो नाही. त्याने मला बघितलं, ट्रे खाली ठेवला, वाकून पायांना हात लावला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सर, तुमी हितं? चला, पडद्याच्या आत बसा. म्या कोनाला सांगत नाय." मी म्हटलं, अरे, मी फक्त चौकशीला आलोय. तो म्हणाला, "व्हय सर, समदेच चौकशीलाच येतात." आणि मी नको नको म्हणत असताना त्याने मला पडद्याआड नेऊन बसवलं आणि झाकण घातलेला स्टीलचा पेला आणून ठेवला. आत काय होतं ते मी झाकण काढूनसुद्धा बघितलं नाही. (वासावरून मोसंबी होती, आणि मोसंबीच्या पाठीमागे आणखी कोणीतरी होतं.) मी पाणी पिऊन निघालो.

कोंडाजीने शब्द पाळला, त्याने कोणालाही सांगितलं नाही. पण पोलादपूर स्टँडवर माझ्या आधी मुरारीचा मेव्हणा उभा होता आणि त्याने मला त्या काळ्या काचांतून बाहेर पडताना पाहिलं होतं. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. शुभदाने दार उघडलं आणि पहिलं वाक्य म्हणाली, राजेंद्रभावजी गेल्यापासून तुमच्याकडे लक्ष द्यायला कोणी उरलं नाही. ती रागाने म्हणाली, पण ते खरं आहे.

मग ठरवलं की ब्रंच आपल्याच ओसरीत करायचा. स्नेहल यायच्या आधी एक रंगीत तालीम असावी म्हणून आज सकाळी अकराला मुरारी, त्याची बायको, पलीकडची दर्शना टीचर आणि तिची आई अशी चार माणसं बोलावली. शुभदा पहाटे उठली. घावन, कडव्या वालाचं बिरडं, खोबऱ्याची चटणी, कापलेलं कलिंगड, शिरा. मी टेबलावर स्वच्छ चादर अंथरून फुलदाणी ठेवली (प्रयोगशाळेतलं चंचुपात्र आहे, पण लांबून कळत नाही). सगळे वेळेवर आले. आणि राजेंद्रा, एकानेही घास घेतला नाही. का, ते तुला सांगायला नको. आपल्याकडे कोणाच्या घरी खायला जाताना आधी घरून खाऊन निघतात, नाहीतर वखवखल्यासारखं दिसतं. मुरारी पोहे खाऊन आला होता. दर्शनाच्या आईने तर दोन भाकऱ्या खाल्ल्या होत्या, सुनेने केल्या म्हणून. शुभदा आग्रह करत राहिली, ते पोटावर हात ठेवत राहिले. दीड तास आम्ही घावनांकडे बघत नगरपालिकेच्या निवडणुकीवर बोललो. साडेबाराला मुरारीच्या बायकोने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, चला, कुकर लावायचाय, आता जेवणाची वेळ झाली. न्याहारीच्या नंतर आणि जेवणाच्या आधी माणसं येऊन बसली आणि उपाशी उठून गेली. ब्रंच नेमका त्या मधल्या भोकातून पडला. बेचाळीस घावन उरलेत. शुभदा बोलत नाही ती यामुळे.

सगळे गेल्यावर मी एकटा ओसरीत बसलो होतो. तू असतास तर दहालाच आला असतास, न बोलावता. स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्या चार घावन खाल्ले असतेस, शुभदाला म्हणाला असतास की बिरड्यात गूळ कमी पडलाय, तिने तुला उलथनं दाखवलं असतं, आणि तुझं बघून मुरारीसुद्धा बसला असता. आपण इतकी वर्षं दर रविवारी हेच करत होतो, फक्त त्याला नाव नव्हतं. मला तुझी फार आठवण येते. हे फोनवर बोलता येत नाही, मागे टीव्ही असतो.

आणखी एक सांगायचं राहिलं. यंदा वीस मार्चला चवदार तळ्यापाशी तुझ्या सरबताच्या टेबलामागे मी उभा राहिलो. तुमच्या घरातला, ललितावहिनी सरबत ढवळायच्या तो मोठा डाव होता, पिंप होतं, सगळं तुझ्या भावाने काढून दिलं. लांबलांबून आलेली माणसं रांगेत यायची, ग्लास घ्यायची आणि विचारायची, सर कुठं हायत? मी सांगायचो, पुण्याला आहेत, गुडघे करून घेतलेत. एका म्हाताऱ्या बाईंनी ग्लास परत ठेवला आणि म्हणाल्या, "पुढल्या साली सरांच्याच हातचं पियीन गो बाय." (मला बाय म्हणाल्या. चष्मा नव्हता त्यांच्याकडे.) मी तेव्हा हसलो. घरी आल्यावर हसू आलं नाही.

असो. पुष्कळ लिहिलं. गुडघ्यांना जप, जिना एकदम चढू नकोस, आणि तुझ्या नातीला माझ्यातर्फे एक गोड पापा. वडील माणसांना नमस्कार लिहायची रीत आहे, पण आता आपल्या घरांत तुझ्या-माझ्याहून वडील कोणी उरलं नाही, तेव्हा तो आपण एकमेकांना वाटून घेऊ.

तुझा,
अवधूत

ता.क. स्नेहलला एवढंच वाचून दाखव: महाडात ब्रंच मिळतो, आमच्या ओसरीत, सकाळी अकराला, घरून न खाता येणे. कॉकटेल मिळतं, बाजारात गणूच्या सोडा-सरबताच्या दुकानात, संध्याकाळी सहाला: अर्धं कोकमाचं, अर्धं लिंबाचं गोड सरबत, वर सोडा, जिरं आणि चिमूटभर मीठ. हे मिश्रण तू एकोणीसशे एक्क्याण्णव साली शोधून काढलंस हेही तिला सांग. सासऱ्याबद्दल आदर वाढेल.

दुसरा ता.क. हा तिला वाचून दाखवू नकोस. तिला हे पटलं नाही तर त्यांना खुशाल महाबळेश्वरला जाऊ दे. तू त्यांच्या गाडीत बसू नकोस. शनिवारी सकाळी स्वारगेटवरून महाडची एसटी आहे. खिडकीची जागा घे, डावा पाय लांब ठेवता येईल अशी. मी स्टँडवर उभा असेन, बॅग मी घेईन.

तिसरा ता.क. वर तब्येत ठणठणीत लिहिलं आहे ते खोडलेलं समज. गणू अजून मला लांबून येताना बघितलं की दोन ग्लास भरतो. "राजूसर कवा येतात?" असं विचारतो आणि दुसरा ग्लास तुझ्या बाजूला ठेवतो. एकच भर, असं दोन वर्षांत मला त्याला सांगता आलेलं नाही. भरलेला ग्लास टाकवत नाही, म्हणून तुझाही मीच पितो. परवा रक्त तपासलं, साखर बरीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी विचारलं, असं काय चालू आहे? मी सांगितलं, मित्र पुण्याला गेलाय. त्यांनी गोळी लिहून दिली. तू तुझा ग्लास येऊन पी.