मोहाच्या झाडापलीकडची बांधी

मु. बोरटोला, स्टेशन दरेकसा
शनिवार, ता. १२ ऑक्टोबर १९५७

चिरंजीव शालीकराम यास उदारामचा आशीर्वाद. अनुसयाबाईला व शामकलेलाही आशीर्वाद.

तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला फार उशीर झाला, राग मानू नको. पत्र दसऱ्याच्या आधीच हाती पडलं होतं. आधी वाटलं चष्म्याची काडी नीट करून घ्यावी, मग लिहावं. मग शाई सुकली. शाई आणली तर दोन ओळी लिहून कागद टाकून दिला. तुला ठाऊक आहे, मी दुसरीच्या पुढे शिकलो नाही, मला पत्र म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. तरी खरं सांगायचं तर शाई दौतीत होती आणि वेळही होता. बसलो की उठावंसं वाटे, एवढंच.

इकडे सर्व ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, पण तोंड ठीक आहे. कपिला गाय व्याली, गोऱ्हा झाला. लवकर येणारा हलका धान घरात आला, नवं खाण्याचा सणही झाला. तुमच्या वाटचं ताट वाढून ठेवलं होतं. तिकडे कुडव्याला नवीन खोली घेतलीस म्हणतोस, ती कशी आहे? पावसात गळली नाही ना? म्हणजे पाऊस पडला असेल तर.

पावसाचं असं आहे. पोळ्यापर्यंत उत्तम होता. रोवणीला तर इतका, की बायका गुडघाभर चिखलात गाणी म्हणत होत्या. मग जो गेला तो गेला. नवरात्रात एक सर नाही. रोज दुपारी डोंगराकडून काळं होऊन येतं, वारा सुटतो, आणि सगळं छत्तीसगडकडे निघून जातं. मी अंगणात उभा राहून पाहतो. तुझी वहिनी म्हणते, "पाहून पाहून का ढग खाली येईन? बसा ना जी एका जागी!" बसवत नाही.

तू विचारलं आहेस की माघातल्या लग्नाला तांदूळ किती धरू, व्याह्यांना काय सांगू. तेच सांगायला बसलो आहे.

तुझ्या धानाच्या बांधीत यंदा चिन्नोर रोवला, हे तुला माहीत आहे. दरवर्षी आपण तिथे हलका धान घालतो, कारण ती पाटाच्या शेवटाला, मोहाच्या झाडापलीकडे, तिथे पाणी पोचेपर्यंत दमून जातं. पण तू ज्येष्ठात लिहिलंस की वऱ्हाडापुढे जाड भात वाढला तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. मलाही ते पटलं. बारीक, वासाचा तांदूळ शामकलेच्या लग्नात हवाच. रोवताना मनात आलं होतं की भारी धान आहे, दिवाळीपर्यंत पाणी मागेल. पण तेव्हा पाणी इतकं होतं की तसं बोललो असतो तर लोक हसले असते.

धान निसवायच्या वेळेला पाणी संपलं. तलावात बघावं तर तळाचा गाळ दिसू लागला. मालगुजार होता तेव्हा पाणी कोणाला ते तो सांगे आणि लोक शिव्या देत ऐकत. आता सांगणारा कोणी नाही, म्हणून गावच तलावाच्या पाळीवर बसलं. यादोराव पटेलाने काठी रोवून पाणी मोजलं आणि सरळ सांगितलं, "सगळ्याईले देसाल त कोनाचंच नाई पिकत. मोहाच्या झाडापर्यंत पानी. पुढं बंद."

मग आजोबांच्या वेळची रीत निघाली. तुला ती आठवणार नाही, तू पाळण्यात होतास. असं वर्ष आलं की तलावाजवळच्या बांधीवाल्याने शेवटच्या बांधीवाल्यांपैकी एकाला आपल्या बांधीत जोडी म्हणून घ्यायचं. काम दोघांनी करायचं, पाणी दोघांनी राखायचं, पीक निम्मं निम्मं. एकाला एकच जोडी. घेतलेलं नाव गावासमोर बोलायचं आणि ते फिरवायचं नाही.

माझी बांधी तुडुमाच्या तोंडाशी आहे. तलावाचं पाणी तिथूनच सुटतं, त्यामुळे मला जोडी घेणं आलंच. प्रत्येक जण आपापल्या माणसाचं नाव घेत होता. कोणी साळ्याचं, कोणी पुतण्याचं. मी शेवटी होतो. तुझं नाव घ्यायचं हे मी घरूनच ठरवून निघालो होतो. त्यात विचार करण्यासारखं काय होतं?

इथे मी उठून पाणी पिऊन आलो.

पाळीच्या खालच्या अंगाला सावित्रीबाई बसली होती. तुझ्या बांधीला लागून जिची बांधी आहे ती. तिचा नवरा गेल्या उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या जंगलात ताप येऊन वारला, हे तुला कळवलं होतं. सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती, वर पाहत नव्हती. तिला कोणी घेतलं नव्हतं. नवऱ्याकडचं कोणी नाही, माहेर पार बालाघाटकडे.

तोंडाळ भैय्यालाल म्हणाला, "उदाराम बुढ्याले कायले विचारता? भावाचंच नाव घेईन. भाऊ गोंदियाच्या मिलीत तांदरात लोरून राहिला, तरी त्यालेच देईन."

लोक हसले. मीही हसलो. यादोराव म्हणाला, "बोला जी, कोनाले घेता?"

आणि माझ्या तोंडून सावित्रीबाईचं नाव निघालं.

कशाने निघालं ते मला अजून उमगलं नाही. भैय्यालालचा राग म्हणावा तर तो काय रोजच तसा बोलतो. दया म्हणावी तर मी काही धर्मात्मा नाही, तुला ठाऊक आहे. तेव्हापासून मी बैलासारखा खांबाभोवती फिरतो आहे. सकाळी वाटतं बरोबर केलं, ताटावर बसलो की वाटतं चुकलं.

नाव घेतलं त्याच संध्याकाळी यादोरावाकडे जाऊन म्हणायचं ठरवलं की चूक झाली, माझ्या भावाच्या घरी लग्न आहे. निघालोही. वाटेत माझी बांधी लागते. तिथे ही बाई पदर खोचून पाटातला गाळ काढत होती. माझ्या वाटचाही काढत होती. मला म्हणाली, "तुमी कायले आले दादाजी? मी हावो ना." मी म्हटलं, "सहज आलो." आणि परत फिरलो. यादोरावाकडे गेलो नाही.

इथवरचं तुला पोचलं तर तू रागावशील आणि कदाचित समजूनही घेशील. पुढचं लिहायला हात चालत नाही.

तुझा चिन्नोर अजून उभा होता. अर्धा पिवळा, पण उभा. जमिनीला भेगा, तरी एखादी लोंबी बाहेर डोकावत होती. दोन पाणी मिळाली असती तर लग्नापुरतं निघालं असतं. परवा दुपारी तुडूम राखायची पाळी माझी होती. आसपास चिटपाखरू नाही. मोहाच्या झाडाजवळची मातीची आड फोडली की पाणी सरळ तुझ्याकडे. मी कुदळ घेऊन तिथे उभा राहिलो. एक घाव घातलाही. ओल दिसली. मग वर तलावाकडे पाहिलं, तर सावित्रीबाईच्या आणि माझ्या जोडीच्या बांधीत पाणी नुकतंच धानाच्या पायाला लागलं होतं. मी पायाने माती दाबून टाकली. पण मला कळून चुकलं, आज दाबली, उद्याच्या पाळीला फोडीन. तुझा धान उभा आहे तोवर माझा हात माझा नाही.

म्हणून काल सकाळी मी आपले बैल आणि गाय तुझ्या बांधीत सोडले.

शालीक, त्यांनी चिन्नोर खाल्ला. मी धुऱ्यावर बसून पाहिलं. हे तुला न विचारता केलं. विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास आणि मग मी माती फोडली असती.

तुझी वहिनी म्हणते, हे लिहू नका, वाळला म्हणून लिहा, सारा गाव वाळलाच आहे, कोणाला कळणार. पण भैय्यालाल मंगळवारी गोंदियाच्या बाजाराला जाणार आहे आणि तुझ्या मिलीच्या दारातूनच जाणार. त्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा हे बरं. आणि खोटं लिहून तुझ्या मांडवात कोणत्या तोंडाने बसू?

आता तांदळाचं. माझ्या बांधीतून जो निम्मा माझ्या वाटचा येईल, तो सगळा शामकलेच्या लग्नाला. बारीक नाही, जाडच आहे, पण स्वच्छ सडून देऊ. आम्हा दोघांना भरड कोदो आहे, मोहफूल आहे, कापणीनंतर ओल राहिली तर लाखोरीची डाळही होईल. यावर तुझी वहिनी काय म्हणाली ते लिहितो. म्हणाली, "दुनियेले वाटा, आन् मले कोदो शिजवाले लावा!" आणि लगेच सूप काढून कोदो पाखडायला बसली. तेव्हा तिचं हो आहे असं समज. व्याह्यांना काय सांगायचं ते तू ठरव. जाड भातापायी पोरीला बोल लागला तर तो माझ्या नावावर घाल. म्हातारा चळला म्हण.

फक्त एक सांग. माझ्या हातचा तांदूळ घेशील का? घ्यायचा नसेल तरी तसं लिही. तुझी शिवी आली तरी मी ती नीट वाचीन. पण गप्प बसू नको. मला झोप नाही, कापणी तोंडावर आली, आणि विळा कोणासाठी चालवतो आहे हे मला कळलं पाहिजे. हे पत्र आजच्या गाडीने पाठवायला स्टेशनावरच्या माणसाकडे देतो. परत येणाऱ्या कोणाच्याही हाती दोन अक्षरं पाठव. घेतो म्हण किंवा नाही म्हण, पण लवकर कळव.

तुझ्या बांधीच्या धुऱ्यावर बसलेला,
तुझा दादा
उदाराम