दारातला प्रश्न

सर, परवापासून माझं ध्यान लागत नाही. डोळे मिटून श्वास मोजायला घेते आणि तिसऱ्या-चौथ्यालाच छातीत धडधड सुरू होते. आत्ता दुपारचे तीन वाजलेत. चारला दवाखान्यात भेटायची वेळ सुरू होईल, आणि तिथं जाऊन काय बोलायचं ते ठरत नाही म्हणून मी तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण मला रागावणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

खापरखेड्याच्या वसाहतीतला तुमच्या योगवर्गाचा हॉल आठवतो. वीजकेंद्राची राख सतरंज्यांवर बसलेली असायची, ती आम्हीच झटकायचो. तुम्ही दारात उभे. एकेकीला अडवून, सगळ्यांच्या देखत तेच तीन प्रश्न: झोप झाली का, पोट साफ आहे का, गोळी कोणती चालू आहे आणि आज घेतली का. मी तेव्हा तिशीतली. मागे रांगेत नवऱ्याच्या साहेबांची बायको, आणि पुढे माझ्या पोटाची चौकशी! एकदा मी फणकाऱ्यानं म्हटलं, "सर, रोज रोज काहून विचारता?" तुम्ही माझ्या हातातली सतरंजी काढून घेतलीत. "लाज येऊन राहिली असन तं घरी बस." आठवडाभर मी खरंच घरी बसले. परत आले तेव्हा तुम्हीच मला डॉक्टरांकडे नेलंत, कारण माझा चेहरा तुम्हाला बरा दिसत नव्हता. बीपी निघालं. "आसन तुह्यं, गोळी डॉक्टरची. दोघाईची गफलत करू नको वं," एवढंच म्हणालात. दोन वर्षांनी डॉक्टरांनी गोळी अर्धी केली, तेव्हा तुम्ही काटोलची संत्री आणून वर्गात वाटलीत.

नागपुरात मी स्वतःचा वर्ग काढला आणि दारातली चौकशी पहिल्याच महिन्यात बंद केली. शहरातल्या बायकांना असलं विचारलेलं आवडत नाही, असं मीच ठरवून टाकलं. त्याऐवजी मी माझी गोष्ट सांगते. योगानं माझी बीपीची गोळी सुटली, असं. नव्या बायका टाळ्या वाजवतात. महिन्यापूर्वी सांगितली तेव्हा मागच्या रांगेत एक काकू होत्या, सावनेरहून मुलाकडे राहायला आलेल्या. त्या म्हणाल्या, "मंग मी बी सोडून देऊ का, म्याडम?" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि पुढचं आसन सुरू केलं.

परवा सकाळी कपालभाती चालू असताना त्या एका अंगावर कलंडल्या. तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना. मी त्यांना रिक्षात घालून नेलं. दवाखान्यात त्यांचा मुलगा धावत आला. आत जाऊन बाहेर आला आणि म्हणाला, "म्याडम, आईनं तीन हप्त्यापासून गोळीच घेतली नाही. तुमाले काही सांगतलं होतं का तिनं?"

"नाही," मी म्हटलं. लगेच, अगदी स्थिर आवाजात. इतक्या वर्षांच्या प्राणायामानं आवाज एवढा स्थिर झालाय, याची मला किळस आली. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "तुम्ही होते म्हणून बरं झालं."

काकूंना अजून बोलता येत नाही. काल डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल. ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता, सर. मी मात्र विचारलं, किती दिवसांत.

त्यांची वाचा परतायच्या आत त्या मुलाला मीच सांगणार आहे. म्हणजे, निघताना तरी तसंच ठरवून निघते आहे. त्यानं वर्ग बंद पाडला तर पाडू दे. तुम्ही तर माझी सतरंजी कधीच काढून घेतली असतीत.

हा कागद घडी करून पर्समध्ये टाकते. तिथंच गोळ्यांची पट्टी आहे. गोळी कधी सुटलीच नाही, सर. अर्धी आजही घेतली, बायका यायच्या आधी, दाराकडे पाठ करून.