बातारावाचं दुसरं लग्न

१२ जून

आज भुसा मीच झाडला. हरलो ना! पॉलिशवाल्या बातारावाने नेहमीसारखी बाजी मारली. म्हणे काल एक कुत्रं मागे लागलं, याने त्याला इतकं समजावलं की शेवटी कुत्र्यानेच माफी मागितली! मालकांच्या हातातला चहा सांडला हसून हसून.

आमच्या फर्निचरच्या कारखान्यात नव्याने आलेल्याला वाटतं, हे म्हातारे चहाला बाकावर बसून नुसतं खोटं बोलतात. खोटं नाही म्हणायचं हं! आमच्या बाकावर प्रत्येक थापेला आपापला शब्द आहे. स्वतःची फुशारकी त्या बाता. दुसऱ्याबद्दल हळूच सोडायची ती पुडी. घरी उशिरा गेल्यावर सांगायची ती सबब. आणि सगळ्यांत वरची लोणकढी — थाप आहे हे ऐकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, तरी मोडवत नाही. ज्याची थाप फिकी पडेल त्याने भुसा झाडायचा. खोटं म्हणजे ज्याने कुणाचं काही हिरावलं जातं ते. ते बोलणाऱ्याला आमच्यात जागा नाही.

२० जून

बाताराव फिरकला नाही. फोनही उचलत नाही. कपाटं पॉलिशवाचून अडलीत, मालक कुरकुरतायत. मी रंधा मारतोय, पण लक्ष नाही.

२३ जून

काय लिहू.

आज आला. चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "डॉक्टर म्हणतात लिव्हर गेलंय. थंडीचे दिवस काही मी बघत नाही."

आम्ही हसलो. हसलो! करवतवाला म्हणाला, "फिकी आहे रे, एकदम पाणी! चल, झाडू घे." तो मुकाट उठला, झाडू घेतला, अर्धं झाडलं आणि भुशाच्या ढिगावरच बसला. उठवायला गेलो तेव्हा डोळे दिसले. पिवळेधमक.

नंतर मला म्हणाला, "गड्या, खरं कसं सांगतात ते मला येतच नाही. बाकावर बसून सांगावं म्हटलं, तिथे तेवढी जीभ चालते."

२४ जून

त्याला एकच लेक. बायको गेल्यावर यानेच वाढवली, वेण्यासुद्धा घातल्या — वाकड्या, पण घातल्या. ती लांबच्या शहरात, नुकतीच नोकरी लागलेली. तिला फोनवर सांगतो, गुडघा दुखतोय, बाकी ठणठणीत.

म्हटलं, पोरीला बोलाव. तर अंगावर आला. "आत्ताच सुट्टी मागितली तर नोकरी जाईल तिची. तिला एक शब्द बोललास तर तुझं तोंड बघणार नाही!"

मी म्हटलं, "तसाही तू किती दिवस बघणार आहेस?"

दोघं हसलो. मग दोघांनाही हसू आवरेना, मग रडू आवरेना.

१ जुलै

शब्द मोडला. लेकीला फोन केला. सगळं सांगितलं.

ती खळखळून हसली! "काका, तुम्हीसुद्धा? बाबांनीच सांगायला लावलं ना? गेल्या खेपेला तर त्यांना वाघ चावला होता!" म्हटलं, पोरी, गळ्याची शपथ. तर चिडली. "असल्या गोष्टीची थट्टा नसते करायची काका." मालकांनाही बोलायला लावलं, पण तेही बाकावरचेच. तिने लगेच बापाला विचारलं, आणि तो म्हणे खो खो हसला.

इतकी वर्षं भरभरून थापा मारल्या. आता खरं बोलायला तोंड उरलं नाही.

९ जुलै

त्याला दवाखान्यात ठेवलंय. पोट फुगलंय. माझ्याशी बोलतो, पण रागात.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेऊन सांगितलं, कोणाला बोलवायचं असेल तर उशीर करू नका.

१० जुलै

सबंध सकाळ डोकं खाजवलं. खऱ्याने येत नाही तर कशाने येईल? मग लावला फोन. म्हटलं, "पोरी, तुझा बाप दुसरं लग्न करतोय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कोणाशी?"

"ते मला विचारू नकोस. केस काळे केलेत एवढं माहीत आहे."

"निघते मी," म्हणून तिने फोन आपटला. येतेय! खऱ्याला हसली आणि पुडीला धावली.

११ जुलै

दुपारी भेटीच्या वेळेला आली. दारातूनच सुरू — "कोण आहे ती बाई? या वयात लाज नाही वाटत? समोर येऊ दे तिला, बघतेच मी!" जिन्यापर्यंत आवाज. भेटायला आलेली माणसं थबकली.

मग तिने खाटेकडे नीट पाहिलं. हातातली बॅग तिथेच पडली.

तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत होता आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं आता हसेल, दाद देईल. हसला नाही. मला एवढंच विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

मी मान खाली घालून तिची बॅग उचलली.

१४ जुलै

लेक हलत नाही जवळून. त्याला भरवते, रागावते, कुत्र्याची थाप पुन्हा सांगायला लावते. बघून जीव गार होतो.

तो मात्र सारखा दाराकडे बघतो. पाणी हवंय का विचारलं. नको म्हणाला.

१७ जुलै

बाताराव गेला. सकाळी. लेकीचा हात हातात होता. एवढं तरी जमलं माझ्याकडून.

२९ जुलै

संध्याकाळी कारखाना बंद करताना खुर्च्यांच्या गाद्या शिवून देणारी बाई आली. मला वाटलं गाद्या आणल्या असतील. हात मोकळेच होते. मग म्हणाली, बातारावांचं आणि माझं लग्न करायचं ठरलं होतं, त्यांचं दुखणं निघण्याआधीच. कोणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात आले होते मी एकदा, जिन्यापर्यंत. वर मुलगी ओरडत होती, समोर येऊ दे तिला. तशीच मागे फिरले. पुन्हा पाय उचलला नाही.

मी बाकावर टेकलो.

"पण एक बरं झालं," ती डोळे पुसत म्हणाली. "त्यांना धीर होत नव्हता मुलीला सांगायला. शेवटी सांगितलंच ना त्यांनी? त्यांनीच सांगितलं ना?"

म्हटलं, "हो. त्यानेच."